मशीनवरचं कापड

मी बाळंतपणासाठी माहेरी आले त्या दिवशी आतल्या खोलीत छताला तांदळाचं पोतं टांगलेलं होतं.

पोत्याच्या खाली आईचा पाटा बांधलेला होता. सगळं मिळून जमिनीपासून हातभर वर. पाट्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीची एक आडवी रेघ होती, आणि तिच्या शेजारी अण्णांच्या ठळक अक्षरात तारीख आणि वेळ.

मी बॅग दारातच ठेवली आणि विचारलं, "हे काय, अण्णा?"

"कडी बसवली. काल सकाळी वजन टाकलंय. उद्या सकाळपर्यंत ऱ्हाऊ दे. रेघेच्या खाली आलं तर कडी सरकली म्हणायची."

महाप्याच्या एका कारखान्यात अण्णा सव्वीस वर्षं रिगर होते. अवजड यंत्रं साखळीनं आणि कप्पीनं उचलायची आणि माणसांच्या डोक्यावरून नेऊन जागेवर बसवायची, हे त्यांचं काम. वर्षापूर्वी निवृत्त झाले. वजन टाकून पाहिल्याशिवाय कुठल्याही हुकाखाली माणूस उभा करायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम होता. घरातला पंखासुद्धा त्यांनी लोंबकळून पाहिल्यावरच सुरू केला होता.

"किती वजन आहे?"

"बाळाच्या वीस पट."

"एवढं मोठं बाळ मला व्हायचं नाही."

"बाळ वाढतं. आन् झोका देणारे हात सगळ्यांचे सारखे नसतात."

कडीसाठी त्यांनी स्लॅब सळईपर्यंत फोडला होता. दोन दिवस छिन्नी-हातोडा चालला तेव्हा वरच्या मजल्यावरचे नंदकुमार, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, खाली आले होते. तो प्रसंग अण्णांनी मला चहा घेताना सांगितला.

"म्हणाले, कोंडिबाराव, स्लॅब पाडताय का काय? टेन्शन येतं हो आवाजानं. मी म्हटलं, साहेब, वर तुमीच ऱ्हाता. पडला तर आधी तुमीच खाली येणार. तुमच्यासाठीच जपून करतोय."

ते हसले, आणि मीही हसले. आई गेल्यापासून पाच महिन्यांत आम्ही दोघं एकाच गोष्टीवर एकाच वेळी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

आई आषाढात गेली. मला तेव्हा तिसरा महिना होता. सहा महिने आजारी होती, त्यामुळे तिचं जाणं कुणाला अनपेक्षित नव्हतं. पण अपेक्षित गोष्ट सोपी असते असं नाही. मला दिवस गेल्याचं मी तिला जूनमध्ये येऊन सांगितलं. तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, "थंडीत येईल." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, थंडीपर्यंत आपण असू की नसू याचा ती विचार करते आहे.

सासूबाई म्हणाल्या होत्या, आई नाही तर बाळंतपण इथंच पुण्यात करू. अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "आई न्हाई म्हणून माहेर न्हाई, असं कुठं असतं का?" उदयसिंह, माझा नवरा, मला गाडीत बसवून कोपरखैरण्याला सोडून गेला. दर रविवारी येईन म्हणाला. जाताना बाळांच्या संगोपनाचं एक जाड इंग्रजी पुस्तक देऊन गेला. अण्णांनी ते हातात तोलून पाहिलं आणि विचारलं, "यात कडीचं काय लिवलंय?"

काहीच लिहिलेलं नव्हतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकांवर माझा विश्वास आहे. पण त्या पुस्तकातल्या बाळाला स्वतःची खोली होती आणि खोलीला निळा कागद लावलेला होता. आमच्या आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट, माझी कॉट, आईची शिवणाची मशीन आणि आता छताला ती कडी.

बाकी काहीच आणलेलं नव्हतं. बाळ जन्मायच्या आधी बाळासाठी काही आणायचं नाही, काही शिवायचं नाही, आणि अमुक वस्तू बाळाची असं तोंडानं म्हणायचंही नाही, ही आमच्या घरातली कडक रीत. अण्णांनी त्यातून वाट काढली होती. कडी घराची, म्हणून ती चालते. पाळणा मात्र माळ्यावरच होता, गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधलेला. त्याच्याकडे आम्ही दोघं मान वर करून बघतसुद्धा नव्हतो.

मला मात्र मनातून एक गोष्ट हवी होती. माझं बाळ आईच्या साड्यांवर झोपायला हवं होतं.

आई गोधड्या शिवायची. आमच्या तिन्ही विंगमध्ये तिच्या हातची गोधडी नाही असं घर शोधावं लागलं असतं. नव्या जोडप्याला, म्हाताऱ्या सासूला, हॉस्टेलवर जाणाऱ्या मुलाला, सगळ्यांना गोधडी. फक्त बारशाला ती झबलं-टोपडं द्यायची. तेराव्यानंतर नातेवाइकांत तिच्या साड्या वाटल्या गेल्या तेव्हा मी चार मागून घेतल्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या, सुती, रोजच्या. बाळ झालं की त्यांची गोधडी शिवून घ्यायची, पाळण्यात घालायची. आईची मांडी बाळाला मिळणार नव्हती, तर निदान एवढं. हे मी कुणाला बोलले नाही. बोलायची रीतही नव्हती.

डिसेंबरभर मी घर आवरत राहिले. मशीनचं लाकडी झाकण फार पूर्वी मोडलं होतं आणि तिच्यावर धूळ बसत होती. एकदा मशीनचा ड्रॉवर उघडला तर आत घडी घातलेलं एक कापड सापडलं. जाडसर मांजरपाट, दुहेरी, कडेनं मशीनची एकच सरळ शिवण. चार कोपऱ्यांना चार आणि दोन लांब बाजूंच्या मध्यावर एकेक असे सहा बंद. बंद आईच्या हिरव्या साडीच्या काठाचे होते. कापड कितीतरी वेळा धुतलेलं असावं, कारण मांजरपाटाचा खळीचा वास आणि खरखर दोन्ही गेलेली होती.

मशीनसाठीच शिवलं असणार असं वाटून मी ते मशीनवर घातलं. कापड लांबीला थोडं जास्त होत होतं आणि बंद तर भलतेच लांब. ते मी मशीनच्या पायांना दोन-दोन वेढे देऊन बांधले.

अण्णा भाजी घेऊन आले, पिशवी हातात धरूनच खोलीच्या दारात थांबले आणि मशीनकडे बघत राहिले.

"ड्रॉवरमध्ये होतं," मी म्हटलं. "आईनं मशीनसाठी शिवलेलं दिसतंय. तिनं माप चुकवलंय, पहिल्यांदाच."

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग म्हणाले, "बंद ओढून बांधू नकोस. तुटतील." आणि भाजी ठेवायला स्वयंपाकघरात गेले.

मुलगी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली, वाशीच्या एका हॉस्पिटलात. दोन किलो सातशे ग्रॅम. उदय रात्रीच पुण्याहून निघून आला, तिच्याकडे बघून रडला आणि दोन दिवसांनी ऑफिसला परत गेला. घरी सोडताना बाळाची डॉक्टर, माझ्याच वयाची एक बाई, भराभर सूचना देऊन गेली. "पाठीवर झोपवा, पोटावर नाही. उशी नको, फुगीर गादी नको, तोंडाशी सैल कपडा नको. थंडी आहे तर अंगात दोन झबली घाला, पांघरुणं नकोत. घरातल्या बायका काय काय सांगतील, ऐका आणि सोडून द्या."

"घरात बाई नाही," मी म्हटलं.

"मग कोण आहे?"

"वडील."

अण्णा कोपऱ्यात उभे होते. खिशातली डायरी काढून त्यांनी सगळं लिहून घेतलं होतं.

बाळ पाळण्यात घालायचं ते बाराव्या दिवशी. तोपर्यंत माझ्याजवळ. पण घरी आल्यावर पाहिलं तर अण्णांनी माझ्या कॉटला लागून, कॉटच्याच उंचीवर, एक फळी बसवली होती. तिन्ही उघड्या बाजूंना वीतभर उंचीची पट्टी. कडा कानशीनं घासून आणि वर काचकागद मारून गुळगुळीत केलेल्या. तिच्यावर ताणून बसवलेली एक चादर, बाकी काही नाही.

"तू दमून झोपशील," ते म्हणाले. "तुझ्या पांघरुणात यायला नको ती. हात लांब केलास की लागली पाहिजे, तेवढ्याच अंतरावर हाय."

दुसऱ्या दिवसापासून बायजामावशी यायला लागल्या. तळवली गावातल्या, बाळंतिणीला आणि बाळाला तेलानं चोळून अंघोळ घालायचं काम त्या चाळीस वर्षं करत होत्या. नाकात मोठी नथ, काष्टा, आणि आवाज असा की नंदकुमारांच्या घरात ऐकू जावा. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी फळी पाहिली.

"अगो बाय! पोर हाय का पापड? फलीवर वालत घातलीय!"

"डॉक्टरांनी सांगितलंय, मावशी."

"डाक्टरनीला किती पोरं हान?"

"विचारलं नाही."

"इचाराचा ना! उशी कुठं हाय? मोहरीची उशी नाय दिली तं डोका चपटा होईल पोरीचा. मंग लग्नाला आनशील मला, म्हनशील मावशी, आता डोका गोल करा."

मला हसू आवरेना. हसताना टाके दुखत होते. मावशींनी मुलीला पायांवर घेतलं आणि त्यांचे ते राकट हात इतके हलके झाले की मी बघत राहिले. मग त्यांनी मोहरीची उशी आणलीच. अण्णांनी ती घेतली, आभार मानले आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली. डॉक्टरांनी सांगितलेलंच ते करत होते.

पण त्या फळीचा कोरडेपणा मला सोसत नव्हता, हेही खरं. बाहेर संक्रांतीची थंडी होती. मुलगी उताणी, हात वर करून, सपाट चादरीवर एकटी झोपायची. बाजूला मी दोन गोधड्यांखाली. मला वाटायचं, आई असती तर हे असं चाललं नसतं. आई असती तर मुलगी तिच्या पदरात गुरफटलेली असती. घरात बाई नाही, म्हणून घरातला पुरुष डायरीत लिहून घेतल्याप्रमाणे बाळ वाढवतो आहे.

सातव्या दिवशी मी कपाटातून चार साड्या काढल्या आणि बायजामावशींपुढे ठेवल्या.

"गोधडी शिवून द्याल? बारशाच्या आधी?"

मावशींनी वरच्या साडीवरून हात फिरवला. "तुजे आईच्या?"

मी मान हलवली.

"देतंय," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी आणखी थट्टा केली नाही.

अकराव्या दिवशी गोधडी आली. मावशींनी जीव ओतला होता. चारही साड्यांचे थर, मध्ये जुनी मऊ धोतरं, टाके बारीक आणि सारखे. हात ठेवला की बुडायचा. मी ती नाकाशी धरली. धुऊनसुद्धा साड्यांना कपाटातल्या कापराचा आणि त्याखाली थोडासा तिचा वास होता. किंवा तसं मला वाटलं.

बारशाच्या दिवशी सकाळी अण्णांनी पाळणा माळ्यावरून खाली काढला. मी याच पाळण्यात वाढले. पुसून, तेल लावून त्यांनी तो कडीला टांगला, चारी साखळ्यांची लांबी टेपनं मोजली, दोन गजांमध्ये आपली बोटं घालून पाहिली. लाकडी राघू-मैनांचं खेळणं जुन्या दोऱ्यासकट उतरवलं आणि नव्या, आखूड दोऱ्यानं इतकं उंच बांधलं की उभ्या माणसाच्या नाकाशी यावं. मग पाळणा हलू नये म्हणून त्यांनी आत वरवंटा ठेवला. रिकामा पाळणा हलवू नये, ही रीत तेही पाळत होते. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात घालतात. तो संध्याकाळपर्यंत तिथंच राहणार होता.

ते आंघोळीला गेले तेव्हा मी वरवंटा बाजूला केला, गोधडी चौघडी करून पाळण्यात घातली आणि वरवंटा परत ठेवला. तो मऊ कापडात अर्धा रुतला. छान दिसत होतं. पाळण्यात कुणीतरी राहायला आल्यासारखं.

अण्णा डोकं पुसत आले. पाहिलं. टॉवेल खांद्यावर टाकला, वरवंटा उचलून माझ्या हातात दिला, गोधडी बाहेर काढली आणि घडी घालून माझ्या कॉटवर ठेवली.

"ही नको."

"थंडी आहे, अण्णा."

"अंगात दोन झबली हायत."

"खाली घालायची आहे. पांघरायची नाही."

"नको, सुनयना."

"आईच्या साड्या आहेत त्या."

"ठाऊक हाय."

"मग आईचं एवढं तरी तिच्या पाळण्यात असू दे. मी दुसरं काही मागितलंय का तुमच्याकडे?"

माझा आवाज चढला होता. मुलगी फळीवर दचकली, हात फाकले आणि पुन्हा झोपली. अण्णा बाहेर गेले. मला वाटलं ते गॅलरीत जाऊन उभे राहतील, रागावले की राहतात तसे. मी गोधडी पुन्हा उचलली. वरवंटा एका हातात आणि गोधडी दुसऱ्या हातात घेऊन मी पाळण्याजवळ उभी होते, तेवढ्यात ते परत आले. त्यांच्या हातात मशीनवरचं कापड होतं.

हॉस्पिटलातून आल्यापासून मशीन उघडीच होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. कापड धुतलेलं, उन्हात वाळवलेलं आणि इस्त्री केलेलं होतं.

"ते मशीनचं आहे," मी म्हटलं.

"मशीनचं न्हाई."

त्यांनी ते पाळण्यात पसरलं. पाळण्याच्या तळाला पातळशी, घट्ट काथ्याची गादी होती. कापड तिच्या कडांना टेकलं, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. मग ते गुडघ्यांवर बसले. एकेक बंद गजांमधून खाली घेतला, पाळण्याच्या तळाच्या पट्टीला दोन वेढे दिले आणि खालच्या अंगाला, आतून कुणाचाही हात पोचणार नाही अशा जागी, गाठ मारली. सहाही बंद बरोबर तेवढेच होते. गाठीपुढे दोन बोटं उरत होती. कापडावरून त्यांनी तळहात फिरवला. एकही सुरकुती नव्हती.

मी कॉटवर बसले.

"जूनमधे तू सांगून गेलीस," अण्णा खालीच बसून बोलू लागले, "त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी आई मला म्हणाली, पाळणा काढा. मी म्हटलं, आधी काढत न्हाईत. म्हणाली, माप घ्यायचंय. टेपचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मी. आठवडाभर शिवत व्हती. रोज जेवढं बसवेल तेवढं."

"आधी शिवायचं नसतं ना?"

"मी म्हटलं तिला. म्हणाली, नंतर मला कुठं वेळ हाय."

बाहेर गॅसवाल्याची गाडी थांबली होती. कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. अण्णांनी शेवटची गाठ पुन्हा ओढून पाहिली.

"तुझ्या आधी एक व्हता, ठाऊक हाय ना तुला?"

ठाऊक होतं. माझ्या आधी एक मुलगा झाला आणि गेला, एवढं. आईनं तो विषय कधी काढला नाही, आणि तिच्या गप्प बसण्यात काही विचारायला जागा नसायची.

"दोन महिन्यांचा व्हता. गावाकडं, पाटणच्या घरी. मी हितं, नोकरी शोधत फिरत व्हतो. पौष महिना. थंडी लई. तुझ्या आजीनं नवी गोधडी शिवली व्हती, चांगली जाड, नऊ पदरी. तिच्यात घालून निजवला. सकाळी बघितलं तर तोंड गोधडीत." त्यांनी कापडावरून पुन्हा तळहात फिरवला. "मला तार मिळाली. मी पोचलो तवा सगळं उरकलं व्हतं. कशानं गेला, कुणाला ठाऊक. दवाखाना कुठं व्हता तितं. लोक म्हणाले नजर लागली. तुझी आई म्हणाली गोधडी. एकदाच म्हणाली. मग परत कधीच त्यावर बोलली न्हाई."

"आणि मी?"

"तू वर्षभर पाळण्यात नुसत्या सतरंजीवर. लोक हसायचे. तुझी आजी तर म्हणायची, पोरगी हाय का भाकरी, पाटावर थापली. तुझ्या आईनं कुणाचं ऐकलं न्हाई."

मला बारशाची झबली आठवली. गेल्या पंचवीस वर्षांतली सगळी. अख्ख्या सोसायटीला गोधड्या शिवून देणाऱ्या बाईनं एकाही तान्ह्या बाळासाठी गोधडी शिवली नव्हती, आणि मी ते रोज पाहत असूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वाचनानं माणसाला बारकावे दिसतात असं मी म्हणते. ते बहुधा पुस्तकातलेच.

"मशीनवर बांधलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? बाळ यायच्या आधी बाळाचं म्हणायचं न्हाई." ते उठायला लागले, गुडघे वाजले. "आन् झाल्यावर सांगणार व्हतो. पण तू साड्या काढल्यास. त्या मावशीला दिल्यास. तुझं तोंड बघितलं आन् न्हाई जमलं."

मी खाली वाकून पाळण्याच्या खालून हात घातला. काठाचा हिरवा रंग बंदांच्या घड्यांत अजून गडद होता. ही साडी मला वाटणीत सापडली नव्हती. कुणीतरी नेली असेल असं वाटून मी गप्प बसले होते. मी गाठ चाचपली. घट्ट होती. मग वरवंटा कापडाच्या मधोमध ठेवला. तो रुतला नाही. नुसता टेकला.

संध्याकाळी बायका जमल्या. उदय आणि त्याची बहीण आले होते. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वरवंट्याला टोपडं घातलं, कुंकू लावलं आणि नेहमीच्या हाका देत पाळण्याच्या खालून-वरून या हातातून त्या हातात दिला. मग त्याला पाळण्यात घालून झोका दिला. पाळणा एकदा जड आवाज करून गेला आणि आला. अण्णा दारात उभे राहून कडीकडे बघत होते. शेजारच्या बाईंनी त्यांना विचारलं, "काय कोंडिबाराव, नातीकडे बघा की, छताकडे काय बघताय?"

"बाळाच्या आधी दगड कोणी घालायला सांगितला, तेचा विचार करतोय," अण्णा म्हणाले. "जुन्या बाया रिगर व्हत्या सगळ्या."

मग वरवंटा काढला आणि मुलीला ठेवलं. पाठीवर. बायजामावशी पुढे आल्या, पाळण्यात वाकून पाहिलं. मांजरपाट पाहिलं. माझ्याकडे वळल्या.

"माजी गोधरी नाय दिसत?"

मी कॉटवर बसले होते. गोधडी माझ्या पायांवरून कमरेपर्यंत घेतलेली होती. "माझ्या अंगावर आहे, मावशी. मला थंडी वाजते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाळण्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "बालंतिनीला वाजतंच," त्या म्हणाल्या आणि गोधडीचं एक टोक माझ्या पायाखाली नीट खोचून दिलं.

उदयच्या बहिणीनं मुलीच्या कानात नाव सांगितलं. जाई. बायकांनी आत्याच्या पाठीवर हलके धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या गेल्या, ओट्या भरल्या आणि आठाच्या आत सगळे पांगले. उदय त्याच्या बहिणीला बसमध्ये बसवायला गेला.

जाई झोपली होती. दोन्ही हात डोक्याच्या वर, मुठी सैल. मांजरपाटावर तिच्याखेरीज काही नव्हतं. मला तो कोरडेपणा सकाळपर्यंत टोचत होता. आता तिच्या चारी बाजूंची ती मोकळी जागा कुणीतरी मोजून ठेवलेली दिसत होती.

अण्णांनी स्टूल घेतलं, पाळण्याच्या बुडाशी डोळा नेला आणि भिंतीकडे पाहिलं. तिथं नवी रेघ होती. सकाळची तारीख आणि वेळ.

"सरकली?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग बसा आता."

ते कॉटच्या कडेला टेकले. दिवसभर उभे होते. मी गोधडीची बाजू त्यांच्या पायांवर सरकवली. त्यांनी ती बोटांनी चाचपून पाहिली, साडीचं एक फूल अंगठ्याखाली धरलं, आणि तसेच बसून राहिले.